मॉर्ट घराण्याची आंघोळ

एके काळी आमच्या लोणखेड्याच्या घरात इंग्रजी शब्द कुळाकुळाने राहत असत. कोणी कुठे राहायचं तेही ठरलेलं होतं. पोर्ट घराणं कपाशीच्या खोलीत, दाराच्या उजव्या हाताला. स्पेक्ट घराणं खिडकीपाशी. डिक्ट मंडळी वरच्या अंगाला, कारण ती फार बोलणारी आणि आबांना खालून त्यांची कटकट नको होती. मॉर्ट घराणं मात्र घराबाहेर, विहिरीपाशी. त्यांना आत यायला मनाई होती. ही मनाई काकूंनी केली. ती का केली आणि तिच्यापायी भाऊची सोयरीक कशी मोडायला आली, ते मी क्रमाने लिहितो. क्रम सुटलेला मला आवडत नाही.

भाऊ म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. शेतीत चांगला, बैलांचा जाणता, स्वभावाने सरळ. मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा इंग्रजीने त्याला परत पाठवलं. मी पहिल्या खेपेला पास होऊन शहाद्याच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवायला लागलो होतो. रोज सकाळी चालत जायचं, दुपारी चालत यायचं. त्यामुळे घरात इंग्रजीचा जो काही कारभार असेल तो माझ्याकडे होता.

त्या वर्षी भाऊने नंदुरबारला एका लग्नात धानोऱ्याची एक मुलगी पाहिली. पंगतीत वरण उशिरा आलं म्हणून ती वाढप्यांना दरडावत होती. दरडावून झाल्यावर तिने स्वतः वरणाची बादली उचलली आणि सगळी पंगत वाढून काढली. भाऊ त्या पंगतीत होता. घरी आल्यावर त्याने बैल सोडायच्या आधी आबांना सांगितलं, "लगीन करसू ते हिन्हाच संगे."

आबा म्हणजे माझे काका, भाऊचे वडील; काकू त्याची आई. त्यांनी माणसं पाठवली. मुलीच्या वडिलांना घर पसंत, जमीन पसंत, मुलगाही पसंत. अडलं ते मुलीच्या मामांपाशी. मामा धुळ्याला कोर्टात कारकून होते. त्यांनी निरोप धाडला की भाची इंग्रजी येणाऱ्यालाच द्यायची. मॅट्रिकचा निकाल येईल तेव्हा येईल, पण त्याआधी मार्गशीर्षात मी स्वतः धानोऱ्याला येऊन मुलाला शब्द विचारणार. अर्थ सांगितले तर सुपारी फोडा, नाही तर दुसरं घर बघा.

दिवाळी नुकतीच झाली होती.

भाऊच्या डोक्यात इंग्रजी शब्द का राहत नाहीत यावर घरात पूर्वीच बरेच उपाय झाले होते. पाठांतर झालं. भिजवलेले बदाम झाले. शब्द लिहिलेले कागद नांगराच्या रुमण्याला बांधून झाले, त्यातले निम्मे बैलांनी खाल्ले. शेवटी मी आमच्या हेडमास्तरांना विचारलं. त्यांनी मला एक जुनं, पाठीची शिवण सुटलेलं पुस्तक दिलं आणि म्हणाले, "इंग्रजी शब्द एकेकटे घोकू नयेत. त्यांची मुळं लॅटिनमध्ये आहेत. एक मूळ कळलं की त्याच्यावरचे डझनभर शब्द आपोआप कळतात. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. त्यावरून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, पोर्टर, ट्रान्सपोर्ट. हे त्याला समजावून सांग."

मी समजावून सांगितलं. भाऊ जांभई देत होता. मग मला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. भाऊला शब्द आठवत नसत, पण माणसं आठवत. शहाद्यापासून थेट तळोद्यापर्यंत कोणाची सून कुठली, तिची मावशी कोणाकडे दिली, कोणाची कोणाशी भाऊबंदकी, कोणाचा बांध कोणाशी भांडतो, हे त्याला न विचारता सांगता यायचं. कोणी नवा माणूस भेटला की तो आधी नाव विचारत नसे, कुळ विचारायचा.

मी कोळसा घेतला आणि कपाशीच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर वंशावळ काढली. वर मूळपुरुष पोर्ट. खाली त्याची मुलं.

"हाऊ कोन?" भाऊने लगेच विचारलं.

"हा पोर्ट. यांच्या घराण्याचा धंदा हमालीचा. सगळे वाहून नेतात."

"आन् हाऊ?"

"हा इम्पोर्ट. माल आत आणतो. त्याचा सख्खा भाऊ एक्स्पोर्ट, तो बाहेर नेतो."

भाऊ भिंतीजवळ सरकून बसला. "म्हंजे दोन्ही भाऊसनं पटस नही."

"असं समज."

"आते दख, एक आनस आन् दुसरा काढी देस. त्यासनी वाटनी कव्हय झाई?"

"भाऊ, ते शब्द आहेत."

"ते शेतस. पन वाटनी व्हयेल शे, त्याशिवाय आसं कोनी वागस नही. हाऊ ट्रान्सपोर्ट कोना पोऱ्या?"

त्या संध्याकाळी त्याने सगळं पोर्ट घराणं पाठ केलं. पाठ केलं म्हणण्यापेक्षा ओळख करून घेतली. दुसऱ्या दिवशी मी मळ्यावर गेलो तर तो गड्याला सांगत होता की रिपोर्ट हा त्यांच्यातला चुगलखोर, इकडचं बोलणं उचलून तिकडे नेतो, आणि सपोर्ट हा गरीब, खांद्यावर घेऊन उभा राहतो, त्याला कोणी विचारत नाही.

मग स्पेक्ट घराणं आलं. धंदा पाहण्याचा. इन्स्पेक्ट आत डोकावून पाहतो, तो पोलिसात गेला. रिस्पेक्ट वळून पुन्हा पाहतो, तो मान देणारा. सस्पेक्ट खालून पाहतो. सस्पेक्ट आबांना अजिबात आवडला नाही. ते रोज संध्याकाळी खोलीच्या दारात येऊन घोंगडी टाकून बसत आणि विचारपूस करत. "पोर्टकडनासनं काय म्हननं? स्पेक्टनी नवी सोयरीक कथी जमनी?" सस्पेक्टचं नाव निघालं की म्हणत, "त्या धाकल्याले घरमा घेऊ नका. त्यानी नजर वाईट शे." मी दिवसाला एक घराणं असा क्रम लावला होता. कोणतं झालं, कोणतं राहिलं, त्यावर खुणा करत होतो. काम वेळेवर चाललं होतं.

एकच अडचण होती. कपाशी वेचणीला आली होती आणि रोज गाडीभर कापूस त्याच खोलीत पडत होता. ढीग वाढत गेला तशी घराण्यांची धाकटी पाती कापसात बुडत गेली. पुढे वरच्या डिक्टमधलाही काँट्राडिक्ट गेला, मग प्रेडिक्ट गेला. भाऊ ढिगावर चढून बसे आणि कापसात हात घालून खालची माणसं आठवे. "हाई बाजूले काँट्राडिक्ट शे. उलटा बोलस. धाकला शे, पन आबासारखा शे," तो म्हणायचा. आबा दारात बसून हे ऐकत आणि म्हणत, "नही."

मॉर्ट घराणं आलं ते यानंतर. मामा कोर्टातले, त्यांच्या हाताखालून गहाणखतं जाणार, तेव्हा मॉर्टगेज हा शब्द ते विचारणारच असा माझा हिशेब होता. मी भिंतीवर मॉर्ट लिहिलं. खाली मॉर्टल, मॉर्टगेज, मॉर्च्युअरी. त्या वेळी काकू दाण्यांची पाटी घेऊन दारातून चालल्या होत्या. काकूंना सगळी घराणी ठाऊक झाली होती. त्या थांबल्या.

"हाई कोनतं घर?"

"मॉर्ट, काकू."

"काय धंदा शे त्यासना?"

मी विचार न करता सांगितलं, "मरण्याचा."

काकूंनी पाटी खाली ठेवली. "मरानं?"

"म्हणजे मॉर्टल म्हणजे मरणारा. मॉर्च्युअरी म्हणजे मढी ठेवायची जागा. आणि मॉर्टगेज म्हणजे गहाण, ते असं की..."

"माय वं! मन्हा घरमा सोयरीक जमाडानं चाली ऱ्हायनं, आन् तुम्हीन भीतवर मयतं मांडतस? पुशी टाक! आते पुशी टाक!"

मी पुसलं. ओल्या फडक्याने पुसलं, तरी एक काळा डाग राहिलाच. त्या डागावर काकूंनी स्वतः शेण लावलं. मग भाऊला म्हणाल्या, "तू त्यासनं नाव घेदं का?"

"घेदं."

"मंग आंघोय करीसन ये."

आबांनी मध्यस्थी केली. ते म्हणाले की मामा कोर्टातला माणूस आहे, हे घराणं सोडून चालणार नाही. काकू म्हणाल्या, सोडू नका, पण घरात नको. त्यांनी नियम सांगितला तो असा. मॉर्टवाल्यांचं नाव विहिरीपाशी घ्यायचं. घेऊन झालं की तिथेच डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. भाऊबंदात कोणी गेल्याचं कळलं की आपण काय करतो? तेच. इंग्रजी मेलं म्हणून काही वेगळं नाही.

मी काकूंशी वाद घातला नाही. नियम असेल तर तो वेळापत्रकात बसवता येतो. भाऊ पहाटे आंघोळ करतोच, तेव्हा मॉर्ट घराणं पहाटेला लावलं. पण उजळणी संध्याकाळी व्हायची आणि उजळणीत सगळी घराणी घ्यावी लागत. मग संध्याकाळची दुसरी आंघोळ आली. थंडी वाढत होती. भाऊ विहिरीपाशी उभा राहून "मॉर्टल, मॉर्टगेज, मॉर्च्युअरी" म्हणायचा, बादली ओढायचा, डोक्यावर ओतायचा, दात वाजवत घरात यायचा. शेजारी विचारत, "तुम्हना घरमा काय चाली ऱ्हायनं रे, रोज कोन मरी ऱ्हायनं?" आबा सांगत, "इंग्रज."

पुढे काय होईल हे मला शहाद्याला शिंप्याच्या दुकानात कळायला हवं होतं. धानोऱ्याला जायचं म्हणून भाऊला कोट शिवायला टाकला होता. शिंपी मुसलमान, म्हातारा, बापजाद्यांपासून शहाद्यात बसलेला, हाताचा फार पक्का. तो भाऊच्या अंगावर कच्च्या टाक्यांचा कोट चढवून तोंडात टाचण्या धरून उभा होता. बाजूला दोन माणसं बोलत होती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "जमिनीचं मॉर्टगेज करून टाकलं." भाऊ वळला आणि दुकानाची पायरी उतरून गोमाई नदीच्या दिशेने चालू लागला. एक बाही लागलेली, दुसरी नाही.

शिंप्याने टाचण्या हातात घेतल्या. "अरे भय्या, कोट तो उतारके जाओ! कच्चा है!"

मी मागे धावलो. भाऊ नदीत कमरेएवढ्या पाण्यात होता.

"भाऊ, तो शब्द तू नाही घेतलास, त्याने घेतला!"

"आईकं तरी लागसच," तो म्हणाला. आणि हे खरं होतं. मृत्यूची बातमी ऐकणाऱ्यालाही आंघोळ असतेच.

शिंप्याने कोट वाळवून पुन्हा शिवला. मामांनी शब्द विचारला की भाऊ उठून जाणार, हे मी गृहीत धरलं आणि धानोऱ्याच्या सामानात जास्तीचं धोतर घातलं. यापलीकडे काय करता आलं असतं, हे मला अजूनही सुचलेलं नाही. भाऊला सांगून पाहिलं की तिथे तेवढा वेळ थांब, नंतर आंघोळ कर. तो म्हणाला, "त्यासना घरमा सुतक सोडू? मी तिन्हा घरमा?" 

प्रकाशा गावाशी तापी उतरून, नंदुरबारला मुक्काम करून आम्ही धानोऱ्याला पोचलो. आबा, भाऊ आणि मी. ओट्यावर सतरंजी टाकली होती. मुलीचे वडील, उंच, हसरे, अहिराणीशिवाय दुसरं काही न बोलणारे. मामा बारीक अंगाचे, काळा कोट, चष्मा, तोंडात कोर्टाची मराठी. आत दाराआड मुलीची आई आणि तिच्या मागे कोणीतरी. बांगड्या वाजत होत्या त्यावरून कळत होतं.

गूळपाणी झालं. मामांनी चष्मा पुसला.

"ट्रान्सपोर्ट," ते म्हणाले.

"पोर्ट घराना," भाऊ म्हणाला. "वाही न्हेस. हाऊ पलीकडे न्हेस. नदीना ह्या काठवरथून त्या काठवर."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "घराना म्हणजे?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. मुलीचे वडील पुढे सरकून बसले. "म्हंजे त्यासमा बी कुयं शेतस?" ते म्हणाले. "आन् त्याना भाऊ कोन?"

"इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट," भाऊने सांगितलं, आणि वाटणीची गोष्टही सांगितली. मुलीच्या वडिलांनी मांडीवर हात मारला. "हाई ते मन्हा चुलतासनं घर शे! दाजी, मी आजलगुन इंग्रजी आईकी ऱ्हायनू, पन समजनं आजच." मामा नात्याने त्यांचे मेहुणे, पण मान म्हणून ते दाजी म्हणत. मामांना हे फारसं रुचलं नाही. ते परीक्षा घ्यायला आले होते आणि इथे गप्पा सुरू झाल्या होत्या.

त्यांनी इन्स्पेक्टर विचारला. आला. प्रेडिक्ट विचारला. तोही आला. इंटरप्ट विचारला. भाऊ म्हणाला, "रप्टकडना. फोडानं काम करतस. हाऊ दोघे बोली ऱ्हायनात तं मझार घुसीसन फोडस." मुलीचे वडील म्हणाले, "जसा तू, दाजी." मामांचा चेहरा उतरला.

मग त्यांनी सरळ कोर्टात हात घातला. "मॉर्टगेज."

भाऊ उठला. जोडे बाजूला सारले, नवा कोट काढून माझ्या मांडीवर ठेवला, अंगण ओलांडलं आणि विहिरीकडे गेला.

"पळाला," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

आबा वाशांकडे पाहत बसले. मुलीचे वडील एकदा भाऊच्या पाठीकडे, एकदा आबांकडे पाहत होते. दाराआडच्या बांगड्या थांबल्या. मला वाटलं सोयरीक इथेच संपली. मी घाईने सगळं सांगितलं. मॉर्ट घराणं, मरण्याचा धंदा, काकूंचा नियम. सांगताना मला माझंच बोलणं ऐकू येत होतं, आणि ते ऐकायला बरं वाटत नव्हतं.

मामा म्हणाले, "म्हणजे तुमचा मुलगा एका शब्दासाठी आंघोळ करतो?"

"दोनदा," आबा म्हणाले. "सकाय-संध्याकाय."

"माझ्या टेबलावर दिवसभर मॉर्टगेज येतात. माणूस कामावर बसायचा की ओलाच फिरायचा?"

विहिरीवरून भाऊ ओरडला, "गहाण! मॉर्ट मरेल, गेज बोली! कर्ज नही फिटनं तं जमीन मरी जास! बोली दियेल रास, म्हनून मॉर्टगेज!" आणि बादलीचा आवाज आला.

अर्थ बरोबर होता: मॉर्ट मेलेलं, गेज म्हणजे दिलेलं वचन. मामांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. त्यांना भाऊ नापास हवा होता असं मी म्हणणार नाही, पण त्यांना परीक्षा संपवायची होती आणि ती त्यांच्या हातात ठेवूनच संपवायची होती. ते ओट्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. शेजारपाजारची मंडळी कुंपणाशी जमली होती. मामांनी अंगणापलीकडे आवाज टाकला, "इम्मॉर्टल!"

हा शब्द मी भाऊला शिकवला नव्हता. मी उठून उभा राहिलो. त्याला तो कधी दिसलाच नव्हता, ना भिंतीवर, ना कापसाखाली.

भाऊ पाणी निथळत उभा होता. ओठ हलत होते. मला ठाऊक होतं तो काय करतो आहे. तो यातला इम कोणता ते ओळखायचा प्रयत्न करत होता. इम नावाचे दोन आहेत, एक आत नेणारा आणि एक नाही म्हणणारा. हे मी त्याला पोर्टच्या वेळी सांगितलं होतं. त्याला त्यात नवल वाटलं नव्हतं, एकाच नावाची माणसं दर गावात असतात आणि बापाच्या नावावरून ओळखतात.

"हाऊ नही-वाला इम शे," तो हळूहळू म्हणाला. "मॉर्टल म्हंजे मरनारा. नही मरनारा. जो कव्हय मरस नही तो."

मुलीचे वडील टाळ्या वाजवू लागले. कुंपणावरची मंडळीही वाजवू लागली, कशासाठी हे त्यांना माहीत नव्हतं. आबांनी प्रथमच वाशांवरून नजर खाली आणली.

पण भाऊ परत येईना. त्याने बादली ओढली, डोक्यावर धरली आणि तसाच थांबला. ओतेना आणि खालीही ठेवेना.

"ये रे," आबा म्हणाले. "झाये."

"आबा, हाऊ मरस नही," भाऊ म्हणाला. "मंग ह्यानं नाव घेदं तं आंघोय लागस का नही?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. काकू लोणखेड्याला होत्या. मुलीचे वडील म्हणाले, मरत नाही तर आंघोळ कशाची. आबा म्हणाले, पण घराणं मॉर्टचंच, भाऊबंद तेच. मुलीचे वडील म्हणाले, वेगळा राहत असेल. आबा म्हणाले, वेगळा राहिला म्हणून सुतक सुटतं का, तुमच्या चुलत्याचं सुतक तुम्ही सोडलं का? मामा म्हणाले, हा शब्द आहे, शब्दाला सुतक नसतं. त्यांचं कोणी ऐकलं नाही. डोक्यावरच्या बादलीतलं पाणी थोडं थोडं भाऊच्या कानात सांडत होतं.

दाराआडून आवाज आला. पंगतीत वाढप्यांना दरडावणारा तोच आवाज, मी तो आधी ऐकला नव्हता पण ओळखला.

"माय, त्यासले सांग. हाऊ मरस नही, पन त्याना भाऊबंद मरतस ना? एक मरस, मंग दुसरा मरस. त्या मरतच ऱ्हाशीत आन् हाऊ जगतच ऱ्हाई. म्हंजे त्याले जलमभर सुतकच शे. त्याले आंघोयमा ऱ्हावं लागस. आंघोय करीसन त्याले कव्हय बाहेर येताच येवाव नही."

आबांनी मान हलवली, अगदी हळू, पंचाच्या निर्णयाला हलवतात तशी. भाऊ बादली डोक्यावर धरून हे ऐकत होता. त्याला हे सुचलं नव्हतं. आमच्यातल्या कोणालाच सुचलं नसतं.

"मंग मी काय करू?" त्याने दाराला विचारलं.

यावर मुलीच्या आईने तिला गप्प केलं असावं, कारण आत खुसपूस झाली. मग मुलगीच बोलली, आणि या वेळी आईमार्फत नाही.

"तुम्हीन ते बाहेर या. पानी थंडं शे."

भाऊने बादली खाली ठेवली.

मामा वळले. "हे चालणार नाही," ते म्हणाले. "अजून माझी परीक्षा संपलेली नाही. मी डिसॅपॉइंट विचारणार होतो."

मुलीचे वडील उठले. "दाजी, पोर पोऱ्याशी बोली गई. समदासमोर. कुंपनवर आख्खं धानोरा उभं शे. आते शब्द इचारीसन काय फायदा?" मग आत वळून म्हणाले, "सुपारी काढा."

मामांनी हरकत घेतली असती. पण भाऊ त्या वेळी ओट्यावर आला होता, केसांतून पाणी गळत होतं आणि दात इतके वाजत होते की त्याला काही विचारणंच शक्य नव्हतं. मी त्याला जास्तीचं धोतर दिलं. कोट कोरडा होता. मुलीच्या आईने आतून एक घोंगडी बाहेर फेकली. ती कोणी फेकायला सांगितली ते मी विचारलं नाही. घोंगडीत गुंडाळलेला भाऊ सुपारीला बसला. सुपारी फोडली ती मामांनीच. भाचीच्या सोयरिकीत मामाला मान असतो आणि तो मान ते दुसऱ्या कोणाला देणार नव्हते.

लोणखेड्याला परतल्यावर काकूंनी आधी मुलगी कशी आहे हे विचारलं नाही. शब्दाचं काय झालं ते विचारलं. आबांनी इम्मॉर्टलची सगळी हकिकत सांगितली, मुलीने काय निवाडा दिला तोही. काकू गव्हातले खडे निवडत होत्या. मग म्हणाल्या, "जलमभर सुतक. हाई मन्हा ध्यानमा नही उनं." आणि खडा बाहेर टाकून म्हणाल्या, "लगीन लवकर करा."

लग्न वैशाखात झालं. कापूस विकला गेला होता, खोली रिकामी झाली होती आणि घराणी पुन्हा खालपर्यंत दिसू लागली होती. वहिनीला रोमन अक्षरं येत नव्हती, म्हणून मी भिंतीवरचं सगळं तिच्यासाठी बाळबोधीत लिहून काढलं. त्यानंतर भाऊच्या इंग्रजीचं काम माझ्याकडून गेलं. ती भाकरी भाजता भाजता त्याला विचारायची, "रप्टकडना थोरला कोन?" आणि चूक झाली तर भाकरी उशिरा वाढायची. मॉर्ट घराण्याचे नियमही तिने बदलले. तिने काकूंकडून मान्य करून घेतलं की गहाण हा मरणाचा नव्हे, आजाराचा शब्द आहे, तेव्हा हातपाय धुतले तरी पुरे. काकूंनी हे इतक्या सहज का मानलं, ते मला कळलं नाही. वहिनीशी वाद घालणं त्यांनी सुरुवातीपासूनच टाळलं असावं.

पुढच्या मॅट्रिकला भाऊ इंग्रजीत पास झाला आणि गणितात गेला. मामांनी धुळ्याहून पत्र लिहून निकाल विचारला. उत्तर मी लिहिलं, आबांनी सांगितलं तसं. इंग्रजीचं तेवढं कळवलं.